चेतक आणि आकुर्डीचे राहुल बजाज : एका जुन्या स्कूटरचे परीक्षण

जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतकविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, मात्र त्यातील बहुतेक लेखन आठवणींचे आहे. गाडी म्हणून ती कशी होती, तिच्यात नेमके काय चांगले होते, काय खटकणारे होते आणि आज कोणी ती विकत घ्यावी की नाही, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. चेतक अजून रस्त्यावर आहे, तिचे खरेदी-विक्रीचे व्यवहार होतात आणि तिचे सुटे भाग मिळतात. त्यामुळे इतर कोणत्याही वस्तूचे होते तसे तिचेही परीक्षण होणे योग्य आहे. मात्र हे परीक्षण केवळ यंत्रापुरते ठेवता येत नाही. राहुल बजाज यांनी 1968 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, बजाज ऑटोचा कारभार हाती घेतला आणि 2005 मध्ये तो मुलाकडे सोपवला. चेतक 1972 मध्ये आली आणि 2005-06 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिचे जवळजवळ सगळे आयुष्य या एकाच माणसाच्या कारकिर्दीत गेले. तिचे गुण आणि तिचे दोष एकाच स्वभावातून आलेले आहेत, असे माझे मत आहे. हाती असलेली वस्तू नीट, स्वस्त आणि भरपूर बनवायची आणि नव्याची घाई करायची नाही, हा तो स्वभाव.

प्रथम गाडी पाहू. मोटारसायकलला नळ्यांची चौकट असते आणि बाकीचे भाग तिच्यावर बसवलेले असतात. चेतकला अशी वेगळी चौकट नाही. दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे एकमेकांना जोडून जे कवच तयार होते, तेच सगळा भार पेलते. ही रचना मूळची इटलीतील पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पाची. बजाज ऑटोची सुरुवात 1945 मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली, 1948 पासून ती दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आयात करून विकू लागली आणि 1959 मध्ये तिला त्या गाड्या भारतात बनवण्याचा परवाना मिळाला. पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि पुढे तो वाढवला गेला नाही. वर्षभराने व्हेस्पा स्प्रिंटच्या रचनेवर आधारलेली, पण पूर्णपणे बजाजच्या नावाची स्कूटर बाजारात आली आणि तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देण्यात आले.

या रचनेचे मोल भारतीय घराला जितके कळले तितके क्वचितच कोणाला कळले असेल. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस बसवलेले असते आणि चाकाला थेट गती देते, त्यामुळे साखळी नाही आणि साखळीचे तेल कपड्यांना लागण्याचा प्रश्न नाही. पुढच्या बाजूस पायांना आडोसा देणारा रुंद पत्रा आहे, त्यामुळे पावसाळ्यात चिखल धोतरावर किंवा पँटवर उडत नाही. मधली जागा सपाट असल्याने तेथे गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा किंवा भाजीच्या पिशव्या ठेवता येतात आणि लहान मूल उभे राहू शकते. साडी नेसलेल्या बाईला मागे एका बाजूला पाय सोडून बसता येते. नवरा-बायको आणि दोन मुले एका स्कूटरवर बसून सणाला आजोळी जात असत. हा प्रवास नियमात बसणारा नव्हता आणि सुरक्षितही नव्हता, परंतु त्यांच्यासमोर दुसरा परवडणारा मार्ग नव्हता. चेतकने हा भार वर्षानुवर्षे कुरकुर न करता वाहिला, हे तिच्या पत्र्याचे श्रेय आहे.

इंजिन 145 सीसीचे, एका सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच इंधन एकदा जळते; चार-स्ट्रोक इंजिनात त्याला अशा दोन फेऱ्या लागतात. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यावे लागते. डाव्या मुठीत क्लच आणि चार गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, सीटखाली टाकी आणि हाताशी रिझर्व्हचा कॉक, अशी सगळी मांडणी आहे. आजच्या ऑटोमॅटिक स्कूटरची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस मनगट दुखल्याचे जाणवेल. मात्र एकदा हात बसला की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, शहरातल्या मध्यम वेगात, ही गाडी फार समजूतदारपणे चालते. कमी वेगात तिची ओढ चांगली आहे आणि कात्रजच्या जुन्या घाटासारखा चढ दोन माणसांसह ती शांतपणे चढते. पेट्रोलच्या बाबतीत नीट जुळवलेली गाडी लीटरला चाळीस किलोमीटरच्या आगेमागे जाते. टू-स्ट्रोक इंजिनाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

दोषही उघड आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. इंजिनाचे सगळे वजन उजवीकडे असल्याने गाडी त्या बाजूला झुकते. ओल्या रस्त्यावर नवख्याला हे फार जाणवते. ब्रेक ड्रमचे आहेत आणि पुढचा ब्रेक तर नावापुरताच म्हणावा लागेल. दहा इंची चाके खड्ड्यांत आपटतात आणि एका बाजूने टेकू दिलेले पुढचे सस्पेन्शन जोरात ब्रेक लावल्यावर दबते. प्लगवर काजळी धरणे हा टू-स्ट्रोकचा जुना रोग आहे. त्यामुळे प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे हे काम चेतकवाल्या प्रत्येक घरात कोणाला तरी येत असे. सकाळी गाडी सुरू होत नसली की तिला इंजिनाच्या बाजूला तिरकी करायची आणि मग किक मारायची, ही रीत सगळ्या देशभर इतकी रुळलेली होती की ती गाडीच्या वापराचाच भाग मानली जाई. नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

अशी गाडी बनवणारा माणूस कोण होता? राहुल बजाज यांचा जन्म 10 जून 1938 रोजी कोलकात्यात झाला. आजोबा जमनालाल बजाज हे वर्ध्याचे. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत आणि सेवाग्रामचा आश्रम उभा राहिला तो त्यांनीच दिलेल्या जमिनीवर. ज्यांच्या नावाने बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली, ते शेठ बच्छराज हे जमनालालजींना दत्तक नातू म्हणून घेणारे वर्ध्याचे सावकार. राहुल यांचे शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत, दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात झाले. त्यानंतर 1964 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून व्यवस्थापनाची पदवी घेतली. 1961 मध्ये त्यांनी रूपाताईंशी लग्न केले. त्या मराठी घरातल्या होत्या आणि हा प्रेमविवाह होता. त्या काळच्या मारवाडी उद्योग-घराण्यांत ही गोष्ट अगदीच वेगळी होती.

मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती त्यांचा पत्ता. 1965 मध्ये ते पुण्याजवळ आकुर्डीला आले आणि कारखान्याच्या आवारातील वसाहतीतच राहू लागले. मुंबईत मलबार हिलवर राहून आठवड्यातून एकदा कारखान्यावर चक्कर टाकणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांचे दोन्ही मुलगे, राजीव आणि संजीव, कारखान्याशेजारी वाढले. ती मुले आकुर्डीच्याच सेंट उर्सुला शाळेत, कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांबरोबर शिकली. राजीव यांनी पुढे अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात घेतले. मालक जेथे राहतो तेथे मालाच्या दर्जाकडे कानाडोळा होणे कठीण जाते. चेतकच्या जोडकामात, इंजिनाच्या टिकाऊपणात आणि वर्षामागून वर्ष बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या एकसारखेपणात मला या वास्तव्याचा परिणाम दिसतो. हे माझे अनुमान आहे, परंतु त्या काळातल्या इतर बंदिस्त उद्योगांचा माल पाहिला की ते चुकीचे वाटत नाही. स्पर्धा नसताना वाईट माल बनवूनही विकता येत होता, आणि अनेकांनी तो तसा विकलाही.

स्पर्धा नव्हती म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगितले पाहिजे. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या, हे त्या काळी सरकार ठरवत असे. परवान्यात लिहिलेल्या संख्येहून अधिक माल बनवणे गुन्हा होता. 1969 च्या मक्तेदारी-नियंत्रण कायद्याने मोठ्या घराण्यांना विस्ताराची परवानगी मिळणे आणखी अवघड केले. मागणी वाढत राहिली, पुरवठा अडवलेला राहिला आणि चेतकसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे थांबावे लागू लागले. मुलीच्या लग्नात जावयाला स्कूटर द्यायची म्हणून ती शाळेत असतानाच नंबर लावणारी घरे होती. ज्यांना थांबायचे नसे ते ‘ऑन’, म्हणजे मूळ किमतीच्या वर जादा रक्कम, देऊन गाडी घेत. गाडी दारात येताच तिच्या मूळ किमतीवर मोठी रक्कम मिळत असे, म्हणून काही जण केवळ विकण्यासाठीच नंबर लावत. परदेशातील नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर मात्र गाडी लवकर हाती पडत असे.

या व्यवस्थेत राहुल बजाज सुखाने बसून राहिले असते तरी नफा झालाच असता. ते बसून राहिले नाहीत, हे त्यांच्या पक्षी नोंदवले पाहिजे. परवान्याबाहेर उत्पादन केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी चालेल, माझे आजोबा देशासाठी तुरुंगात गेले होते, अशा आशयाचे विधान ते उघडपणे करत. लोकांना हवी असलेली वस्तू अधिक बनवणे हा गुन्हा कसा होऊ शकतो, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आणीबाणीच्या काळापासून उदारीकरणापर्यंत दिल्लीतल्या मंत्रालयांत त्यांनी तो सतत विचारला. याच दरम्यान 1975 मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाबरोबर संयुक्त कंपनी निघाली आणि तिने साताऱ्यात प्रिया स्कूटर बनवल्या. 1977 मध्ये बजाज ऑटोने एका आर्थिक वर्षात एक लाख गाड्यांचा टप्पा गाठला. बंधने सैल होत गेल्यावर 1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि 1986 मध्ये वर्षाला पाच लाख गाड्या बाहेर पडू लागल्या. वाळूजच्या आसपास आज जो उद्योगांचा पट्टा दिसतो, त्याच्या घडणीत या कारखान्याचा आणि त्याला माल पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचा वाटा फार मोठा आहे. चेतकसाठीच्या प्रतीक्षायाद्या संपल्या त्या या वाढीमुळे.

बाजारात ऑन इतका चढा असताना कारखान्याची किंमत मात्र पगारदार माणसाच्या आवाक्यात राहिली. त्यामागे सरकारी धोरणाचा भाग होता, तसाच राहुल बजाज यांच्या खर्चावरील करड्या नजरेचाही होता. पुढे 1984 मध्ये कानपूरची एलएमएल पियाजिओच्या साहाय्याने आणि फिरोदियांची कायनेटिक होंडा याच क्षेत्रात उतरली. त्यांच्या गाड्या दिसायला नव्या होत्या आणि कायनेटिकमध्ये तर बटण दाबून गाडी सुरू होत होती, गिअर टाकावे लागत नव्हते. तरीही नव्वदच्या दशकापर्यंत चेतक विकली जात राहिली. त्यामागे किंमत होती आणि दुरुस्ती होती.

दुरुस्ती हा या परीक्षणातील माझ्या दृष्टीने सर्वांत वरचा मुद्दा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची एक चेतक आमच्या घरात आजही वापरात आहे आणि तिच्यासाठी मला कधीही कंपनीच्या सेवा केंद्राची आठवण काढावी लागलेली नाही. पेठेतल्या झाडाखाली लाकडी पेटी मांडून बसलेला मेकॅनिक तिचे इंजिन उतरवून पुन्हा चढवू शकतो. क्लचची वायर, गिअरची वायर, प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट, ब्रेक लायनर, कार्बोरेटरचे जेट या वस्तू तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि हे उत्पादन थांबल्यानंतर इतक्या वर्षांनी. पुढचे आणि मागचे चाक एकसारखे असल्याने सोबतची स्टेपनी कोठेही बसते. चार-पाच नट सोडवले की पंक्चर झालेले चाक निघते आणि दुसरे लागते, त्यासाठी गाडी आडवी करावी लागत नाही की दुसऱ्याची मदत घ्यावी लागत नाही. आज एखाद्या नव्या स्कूटरचे मागचे चाक पंक्चर झाले की सायलेन्सर सोडवण्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा चेतकचा आराखडा करणाऱ्यांनी वापरणाऱ्याच्या वेळेचा किती विचार केला होता हे लक्षात येते. हा आराखडा इटालियन अभियंत्यांचा होता. पण तो देशाच्या कानाकोपऱ्यातल्या हातांना ओळखीचा झाला तो तीन दशके भाग न बदलल्यामुळे. 1978 च्या गाडीचा भाग 1992 च्या गाडीत बसावा, ही सोय ग्राहकाला मिळाली आणि तिचे श्रेय राहुल बजाज यांच्या न बदलण्याच्या धोरणाला द्यावेच लागते.

परंतु हेच धोरण तिच्या अधोगतीलाही कारणीभूत झाले. 1985 मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. एका लीटरमध्ये ती चेतकच्या जवळपास दुप्पट धावत होती, प्लगची कटकट नव्हती आणि धूरही नव्हता. ग्रामीण भागातल्या तरुणाला मोठ्या चाकांची मोटारसायकल शेताच्या रस्त्यावर सोयीची होती. बजाजने कावासाकीशी सहकार्य करून मोटारसायकली काढल्या हे खरे, पण घरातली लाडकी स्कूटरच राहिली. 1989 मध्ये ‘हमारा बजाज’ ही जाहिरात दूरदर्शनवर आली आणि तिने चेतकला राष्ट्रीय भावनेचे स्थान मिळवून दिले. माझ्या मते ही जाहिरात फार सुंदर होती आणि तिने कंपनीचे नुकसानही केले. ज्या काळात गाडी बदलायला हवी होती, त्या काळात ती आहे तशीच लोकांना प्रिय आहे, अशी खात्री तिने आकुर्डीला पटवली असावी.

1993 मध्ये काही उद्योगपतींनी मुंबईत एकत्र येऊन परदेशी कंपन्यांशी बरोबरीच्या अटींवर स्पर्धा करण्याची संधी मागितली. हा गट बॉम्बे क्लब या नावाने ओळखला गेला आणि राहुल बजाज त्याचे सर्वांत स्पष्ट बोलणारे प्रतिनिधी होते. आपण उदारीकरणाच्या विरोधात नाही, भारतीय उद्योगाला महाग व्याज, अवजड कर आणि जुन्या कायद्यांचे ओझे वाहत शर्यत धावावी लागते, एवढेच आपले म्हणणे आहे, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या या युक्तिवादात तथ्य होते आणि आजही अनेक अर्थतज्ज्ञ वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात. मात्र चेतकच्या बाबतीत तो मला पटत नाही. एलएमएल आणि कायनेटिक होंडा 1984 पासून बाजारात होत्या, म्हणजे बॉम्बे क्लबच्या आधी जवळजवळ दशकभर स्पर्धा दाराशी उभी होती. एवढ्या काळात चेतकला चांगला पुढचा ब्रेक, सेल्फ स्टार्ट आणि चार-स्ट्रोक इंजिन देता आले असते. करांमुळे किंवा व्याजदरांमुळे ते अडले नव्हते. आहे ती गाडी खपत असताना बदलायची कशाला, या विचाराने ते अडले होते. चार-स्ट्रोक चेतक अखेरीस आली ती 2000 सालच्या प्रदूषण-मर्यादांनी टू-स्ट्रोक इंजिनांची कोंडी केल्यावर. तोवर होंडाची ॲक्टिव्हा रस्त्यावर उतरलेली होती. 2001 च्या सुमारास देशातील सर्वांत मोठ्या दुचाकी कंपनीचे स्थान हिरो होंडाकडे गेले.

त्याच वर्षी राहुल बजाज यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी बजाजची पल्सर आली. तिच्यामागे राजीव बजाज आणि चाकणच्या नव्या कारखान्यातले तरुण अभियंते होते. कंपनी वाचली आणि पुढे निर्यातीत फार मोठी झाली, पण स्कूटरचा रस्ता तिने सोडला. 2007 मध्ये आकुर्डीतील उत्पादन बंद झाले आणि दोन हजारांहून अधिक कामगारांचा प्रश्न उभा राहिला. पिंपरी-चिंचवडच्या कित्येक घरांत तो निर्णय आजही बोलला जातो. 2009 च्या अखेरीस राजीव यांनी बजाज यापुढे केवळ मोटारसायकलींवर लक्ष देईल, स्कूटर बनवणार नाही, असे जाहीर केले. तेव्हा या निर्णयाचे आपल्याला वाईट वाटते आणि दुःख होते, असे वडिलांनी जाहीरपणे सांगितले. अध्यक्षपदी ते स्वतः होते, तरीही त्यांनी मुलाचा निर्णय फिरवला नाही. उद्योग-घराण्यांत वडीलधाऱ्यांचा शब्द कसा चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला संयम कळेल. चेतकबाबत इतकी वर्षे जो हट्ट त्यांनी धरला, तो निदान येथे तरी सोडला.

त्यांच्या सार्वजनिक जीवनाविषयी थोडक्यात सांगायचे तर, ते दोनदा भारतीय उद्योग महासंघाचे (सीआयआय) अध्यक्ष झाले, 1986 ते 1989 या काळात इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष होते आणि 2006 ते 2010 महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईतील एका समारंभात, केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत, उद्योगपतींना सरकारवर टीका करण्याची भीती वाटते असे त्यांनी उभे राहून सांगितले. सभागृहात देशातले अनेक धनाढ्य बसले होते आणि ही गोष्ट बोलायला एक्क्याऐंशी वर्षांचे राहुल बजाज उठले. 12 फेब्रुवारी 2022 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

चेतक हे नाव मात्र 2019 मध्येच परत आले होते. विजेवर चालणारी नवी चेतक जानेवारी 2020 पासून पुणे आणि बंगळुरू येथे विक्रीस आली. राहुल बजाज यांच्या निधनानंतर त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या जयंतीला, 10 जून 2022 रोजी, आकुर्डीच्याच आवारात तिच्यासाठी स्वतंत्र कारखाना सुरू झाला. पोलादी पत्रा आणि गोलसर आकार एवढेच दोघींत समान आहे. नवी गाडी निःशब्द, गुळगुळीत आणि रोजच्या शहरी वापराला पुष्कळ सोयीची आहे. मात्र तिची बॅटरी, कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर झाडाखालच्या मेकॅनिकच्या हातातले नाही. जुन्या चेतकचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे वापरणाऱ्याला आपली गाडी स्वतः समजणे, तिच्यात आलेला नाही. विजेच्या इतर गाड्यांतही तो नाही, म्हणून हा एकट्या चेतकचा दोष म्हणता येणार नाही. तरीही ज्या कंपनीने तीन दशके देशाला गाडी उघडून पाहायला शिकवले, तिच्याकडून या बाबतीत अधिक अपेक्षा ठेवण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

आता जुनी चेतक घ्यावी का? रोज वीस-पंचवीस किलोमीटर कार्यालयात जायचे असेल, महामार्गावरून जावे लागत असेल किंवा घरात गाडी शिकणारे कोणी असेल, तर घेऊ नये. तिचे ब्रेक आजच्या वाहतुकीसाठी अपुरे आहेत आणि टू-स्ट्रोकचा धूर शहराच्या हवेला परवडणारा नाही. गावात किंवा पेठेत जवळच्या फेऱ्या असतील, हाताने काम करण्याची आवड असेल आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, तर चेतकइतकी आनंद देणारी दुसरी जुनी गाडी मला माहीत नाही. शक्य असल्यास ऐंशीच्या दशकाच्या अखेरची किंवा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गाडी शोधावी. चार-स्ट्रोक चेतक पेट्रोलला परवडते, पण तिचे भाग टू-स्ट्रोकइतके सहज मिळत नाहीत.

खरेदीच्या वेळी इंजिनाची फार काळजी करू नये, ते पुन्हा बांधता येते. पत्रा मात्र बारकाईने पाहावा, कारण पत्रा हीच या गाडीची चौकट आहे. रबरी मॅट उचलून पाय ठेवण्याच्या जागेचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा, स्टँडच्या बोल्टांभोवती गंज आहे का ते गाडी तिरकी करून खालून तपासावे आणि नवा, जाड रंग दिलेल्या गाडीपासून सावध राहावे, कारण खाली पुटीन, म्हणजे खड्डे आणि गंज झाकणारा लेप, भरलेले असू शकते. आरसी बुकावरील चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवून घ्यावेत, पुनर्नोंदणीची मुदत केव्हा संपते ते पाहावे आणि पर्यावरण कर भरलेला आहे की नाही हे व्यवहार ठरण्यापूर्वी विचारावे. ही कागदपत्रे अर्धवट असतील तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि थोडे थांबले की चांगली गाडी मिळते.